भालचंद्रशेठचा सगळ्यात दणकट रॅक

जयसिंगपूरच्या रत्नाक्काचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. इंजिनं ठेवायला दणकट रॅक हवा म्हणून ती भालचंद्रशेठच्या दुकानात गेली आणि सवयीनं एका चकचकीत रॅकच्या पत्र्यावर टिचकी मारली.

शेठ खवळले. "हात लावायचा नाही! हत्ती चढला तरी वाकायचा नाही असा माल आहे. टिचक्या मारून मडकी घ्यावीत, अक्का." गिऱ्हाइकं हसली, तसा शेठना आणखी चेव आला. "हात न लावता इथला सगळ्यात दणकट रॅक ओळखून दाखव. फुकट देतो!"

अक्कानं हात पाठीमागं बांधून दुकानभर चक्कर मारली आणि मागच्या भिंतीपाशी एका गंजक्या रॅकसमोर थांबली.

"हा."

"हा? अगं, हा विकायचा नाही. यावर मी माल ठेवतो!"

"तेच म्हणते. तुमचे नवे चौदा रॅक तुम्ही याच्यावर रचलेत. नव्यावर एक तरी रचलाय का?"

आता गिऱ्हाइकं शेठकडं बघून हसायला लागली. शब्द दिला होता. शेठनी हमालाला बोलावलं.

"पण अक्का, हे चौदा आता ठेवू कुठं?"

"त्या चकचकीत रॅकवर ठेवा की," अक्का म्हणाली. "हत्तीपेक्षा हलकेच आहेत."