निंबाजीचा रुसवा

डोंगराच्या उतारावर सीताफळांचं एक गाव होतं, आणि त्या गावात निंबाजी नावाचा एक म्हातारा राहत होता. हयातभर त्याने विहिरी खोदल्या. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींना त्याचा हात लागला होता. गावची मोठी विहीर तर त्याने ऐन विशीत, बापाच्या बरोबरीने खोदली होती.

त्यामुळे निंबाजीला गावात एक मान होता. घराचा पाया असो की विहीर, जमीन उकरायची म्हटली की आधी त्याच्या घरी पानसुपारी जायची. मग निंबाजी पागोटं बांधायचा, जागेवरून एक चक्कर मारायचा आणि म्हणायचा, "इथं खणा," नाहीतर, "इथं नगं." त्याचा शब्द कुणी मोडत नसे. खरं सांगायचं तर विहिरीच्या पाण्यापेक्षा त्या पानाचीच गोडी त्याला जास्त लागली होती.

गावात सीताफळं उदंड, पण हाताला काम नव्हतं. फळं व्यापाऱ्याच्या टेम्पोतून शहरात जायची, आणि त्यांच्या मागोमाग गावची तरणी माणसंही जायची. निंबाजीचा मुलगा रावजी असाच बांधकामावर गेला होता. वर्षातून दोनदा चार-चार दिवस घरी यायचा. त्याची बायको चंद्रा सासऱ्याचं सगळं करत मागे राहिली होती. सात वर्षांचा संसार, पण नवऱ्याला जेवू घातलेले दिवस तिला बोटांवर मोजता आले असते.

शेवटी गावाने मनावर घेतलं. रस्त्याकडेच्या माळावर सीताफळाचा गर काढायचा कारखाना उभारावा आणि शेजारी दुकानांचे गाळे काढावेत, असा विचार निघाला. सरपंच इंदुमतीबाई मोठी धडपडी होती, पण लग्न होऊन गावात येऊन तिला पाचच वर्षं झाली होती. तिने रिक्षावर भोंगा लावून सभा पुकारली, घरोघर फोनवर निरोप धाडला. पानाची रीत तिला कुणी सांगितलीच नाही. ज्यांना ती ठाऊक होती त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणीतरी पान पोचवलं असेल.

सभेच्या दिवशी निंबाजी सकाळपासून पागोटं बांधून ओट्यावर बसला. भोंगा दारावरून दोनदा गेला. चावडी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

"मामंजी, चला की. समदं गाव जमलंय," चंद्रा म्हणाली.

"भोंगा काय, कुणालाबी बोलावतोय," निंबाजी म्हणाला. "पान आल्याबिगर ह्या घरातला माणूस जात नसतो."

चंद्रा एकटीच गेली. चावडीवर खडाजंगी चालली होती. "माळ गेला तर मेंढरं चारायची कुठं?" एकाने विचारलं. "आन् पोरं परतायची कशासाठी? मेंढरं बघायला?" दुसरा कडाडला. दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद लांबत गेला. अखेर डोंगराकडचा अर्धा माळ चराईला राखायचा आणि रस्त्याकडच्या अर्ध्यावर बांधायचं, असं एकमताने ठरलं.

चंद्रा उड्या मारायचीच काय ती बाकी होती. जेवण वाढताना म्हणाली, "बायकांना बी काम हाय म्हणं. ह्यांना परत बोलवू आता."

"जागा कुठली धरली?" निंबाजीने विचारलं.

"रस्त्याला लागून. मावळतीच्या अंगाला."

निंबाजीने उचललेला घास परत ताटात ठेवला. गावची विहीर खोदण्याआधी बाप-लेकांनी त्या माळावर चार ठिकाणी खड्डे घेऊन पाहिले होते. मावळतीच्या अंगाला खडकात एक लांब भेग होती. विहिरीला येणारं सगळं पाणी त्या भेगेतूनच उतरत होतं; तिथे खडक फोडला तर ते भलतीकडे वळलं असतं. खड्डे केव्हाच बुजले, बाप गेला, आणि ही गोष्ट जाणणारा गावात निंबाजी एकटाच उरला. बांधकाम शंभर पावलं उगवतीला सरकवलं की कारखानाही झाला असता आणि पाणीही राहिलं असतं. एवढं सांगायला चार शब्द पुरले असते.

पण निंबाजी मनाशी म्हणाला, 'मला विचारल्याशिवाय पाया काढतात कसा, बघतोच. येतील नाक घासत.' आणि तो ताटावरून उठला.

कुणीही आलं नाही. कुणाला वाईट वाटलं असेल, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. रावजी मात्र वळकटी घेऊन घरी आला, आणि चंद्राच्या तोंडावरचं हसू मावळेना. माळावर पांढऱ्या फक्कीने पायाच्या रेघा आखल्या गेल्या. निंबाजी रोज तिथे जायचा, रेघांकडे बघत उभा राहायचा. एकदा कामावरच्या साहेबाने आपणहून विचारलं, "बाबा, रोज येताय. काही सांगायचंय का?"

"मला कोण इचारतंय!" असं त्या विचारणाऱ्यालाच फटकारून निंबाजी पाठ फिरवून चालू लागला.

आठवड्याने खडक फोडायला सुरुंग लावले. जमीन हादरली आणि पायाचे चर पाण्याने भरून आले. माळावर पाणी लागलं म्हणून लोकांनी नारळ फोडले, पोरं त्यात नाचली. तीन दिवस पाणी वाहिलं आणि पलीकडच्या ओढ्याने निघून गेलं. चौथ्या दिवशी बायका विहिरीवर गेल्या तर पोहरा तळाच्या दगडावर आपटला.

मग टँकर सुरू झाले. प्यायलाच पाणी पुरेना, तिथे फळं धुवायला कुठून येणार? कारखान्याच्या भिंती खांद्याएवढ्या चढल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. गाळ्यांची दारं बसलीच नाहीत. उन्हाळ्यात सीताफळाच्या बागा वाळल्या. परत आलेली माणसं पुन्हा जाऊ लागली. रावजी पुढे गेला आणि त्याने तिकडे खोली घेतली. आता चंद्राही निघाली.

ती बोचकं बांधत होती. निंबाजी खांबाला टेकून बसला होता. सुनेचं जाणं त्याला सोसवेना, आणि इतके महिने दाबून धरलेलं तोंडातून निसटलं. "शंभर पावलं उगवतीला सरकलं असतं, तर हे झालं नसतं बघ."

चंद्राचे हात थांबले. "हे कवा कळलं तुम्हाला?"

"हीर खणली तवाच."

"म्हंजी... सभेच्या आधीपासनं ठावं हुतं?"

निंबाजीने होकाराची मान हलवली. त्याला वाटलं, आता ही ओरडेल, बोल लावेल. ते त्याला बरं वाटलं असतं.

चंद्रा ओरडली नाही. तिने बोचक्याची गाठ मारली. मग म्हणाली, "त्यांनी नसंल इचारलं, मामंजी. पर मला सांगायचं हुतं. म्या सांगितलं असतं समद्यास्नी. घरातच तर हुते मी."

तिने टँकरचं पाणी गाळून त्याचा माठ भरला, दोन दिवसांच्या भाकरी झाकून ठेवल्या आणि बोचकं उचललं. सात वर्षांत ती सासऱ्याच्या पाया पडल्यावाचून कधी उंबरा ओलांडून गेली नव्हती. त्या दिवशी ती तशीच गेली.

एसटीचा आवाज आला तेव्हा निंबाजी धावत दारात आला. "पोरी, चुकलं माझं," असं तो म्हणाला, अगदी मोठ्याने म्हणाला. पण एसटी वळणापलीकडे गेली होती, आणि आळीत ते ऐकायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: चौघांच्या भल्याचं जे आपल्याला ठाऊक आहे, ते सांगायला मानपानाची वाट पाहू नये. रुसून गप्प बसणारा शिक्षा गावाला करायला जातो, पण त्या गावात त्याचं स्वतःचंही घर असतं.