रवळू मेस्ताचं धाकटं गलबत

खाडीवर पूल नव्हता आणि भरतीचं पाणी सातेरीदेवीच्या देवळाच्या पायरीला लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. सांगणाऱ्याच्या आज्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्या वेळी सांदवेळ गावात रवळू मेस्त नावाचा गलबतं बांधणारा सुतार राहायचा.

तेव्हा कागदावर आराखडे काढायची रीत नव्हती. कुणाला गलबत बांधायचं असलं की मेस्त आधी हातभर लांबीचं लाकडी गलबत करायचा. त्याला म्हणायचे धाकटं. दसऱ्याला ते देवळाच्या तळ्यात सोडायचं. सगळं गाव काठावर जमायचं. ते पाण्यात सरळ उभं राहिलं की गावचा मानकरी, म्हणजे गावकर, नारळ फोडायचा, आणि मग सुतळीने त्याची मापं घेऊन, त्याच्या पटीत थोरलं गलबत बांधायला घ्यायचे. धाकटं मग देवळात टांगायचं. दसरा हुकला की वर्ष हुकलं, असा नियमच होता.

रवळूची धाकटी गलबतं म्हणजे काय सांगू! त्यांत मुंग्या शिरल्या तर त्याही वल्ही मारायला लागायच्या, असं म्हणतात. आता मुंग्यांना वल्ही कुणी दिली, असं विचारणारा एखादा शहाणा निघतोच. त्याने गप्प बसून ऐकावं.

रवळूच्या मांगरात, म्हणजे खाडीकाठच्या त्या कामाच्या छपरात, दिवसभर माणसं बसलेली असायची. थोर, पोर, कुणीही यावं, लाकूड हातात घ्यावं. तो कुणाला नाही म्हणायचा नाही, पण तोंडाचा फटकळ. शिवणीचं लाकूड सावलीत वाळवा म्हणायचा, उन्हात घातलंत तर ते तडकेल आणि मग माझ्याकडे रडत येऊ नका. आधी पठाण धरा. पठाण म्हणजे गलबताचा कणा. एक डोळा मिटून त्याच्यावरून नजर फिरवा, केसभर बाक दिसला तरी टाकून द्या. मग फासळ्या बसवा आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरा ताणून बघा, कुठली फासळी दोऱ्याला ढकलते ती. फळ्या गरम पाण्यात भिजवा, मडक्याच्या पोटावर वाकवून बांधा आणि पुऱ्या सुकेपर्यंत हात लावू नका. सरस पातळ लावा. शेवटी मुशी माशाच्या खरखरीत कातडीने घासा, पण लाकडाच्या रेषेच्या बाजूनेच, आडवं घासलंत तर ओरखडे जन्मभर राहतील.

आणि एक गोष्ट तो रोज सांगायचा. "उजवीकडे एक फळी, मगे डावीकडे एक फळी. दोन झिलांका जेवण वाढतंस तसा. एकाक पोटभर वाढून दुसऱ्याक उपाशी ठेवलंस, तर घर वाकडा होता."

ऐकणारे हसायचे, फळ्या काय मुलगे आहेत जेवायला! पण खरंच आहे ते. एका बाजूच्या सगळ्या फळ्या आधी लावल्या की सरस सुकताना त्या कण्याला आपल्याकडे ओढतात. मग दुसरी बाजू कितीही नीट लावा, गलबत सरळ होत नाही ते नाहीच.

रवळूला एकच मुलगी होती, शेवंती. बायको लवकर गेली, त्याने पोरीला मांगरातच वाढवलं. तिचं लग्न झालं भानूशी. भानू तांडेल होता, गलबत हाकणारा, पण दुसऱ्यांची गलबतं हाकायचा. त्या वर्षी श्रावण सरत आला आणि भानू सासऱ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मामानू, औंदा माका माझा गलबत होया. ह्या दसऱ्याक धाकटा तळ्यात पडूक होया."

रवळूने आभाळाकडे बघितलं. पाऊस धरून होता, हवेत एवढी ओल की भिजवलेली फळी आठवडाभर सुकायची नाही. तो म्हणाला, "फुडच्या दसऱ्याक करूया."

"माझ्याबरोबरचे सगळे तांडेल आपापली गलबतां घेवन भायर पडतले, नि मी बंदरार बसान काय करू?"

दुसरा कुणी असता तर रवळूने त्याला मांगराबाहेर काढला असता. पण दारात शेवंती उभी होती आणि तिचा चेहरा नवऱ्यापेक्षाही आशाळभूत होता. रवळू हो म्हणाला. तिथेच घात झाला. एक वर्ष थांबायचं होतं, बस, एवढंच.

दसरा जवळ आला तरी डावीकडच्या फळ्या ओल्याच. उजवीकडच्या तेवढ्या सुकल्या होत्या. मग रवळूने केलं काय, तर जे करू नका म्हणून सगळ्या गावाला सांगत आला तेच केलं. उजवी बाजू एका दमात लावून टाकली, आणि मागाहून डावीकडे ओल्या फळ्या ठोकल्या. दसऱ्याच्या सकाळी एक डोळा मिटून बघितलं तर गलबत उजवीकडे ओढलेलं. थोडंच. दुसऱ्याला कळलं नसतं. रवळूला कळलं.

तेव्हा तरी बोलायचं होतं. पण तळ्याच्या काठावर ढोल वाजायला लागले होते, माणसं जमली होती, भानू नवं धोतर नेसून उभा होता. रवळूने एक गोटा उचलला आणि गलबताच्या पोटात डाव्या बाजूला दडपून बसवला.

शेवंतीने बघितलं. "बाबा, पोटात काय घातलात?"

"भार गो. नायतर वाऱ्यान हलतला."

पोरीने मान डोलावली. बापावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

धाकटं तळ्यात सरळ उभं राहिलं. नारळ फुटला. रवळूने मनाशी म्हटलं, थोरल्यात सुधारून घेऊ. पण देवासमोर पास झालेलं माप चुकलंय असं सांगायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडाने? सुतळ्या लागल्या, मापं घेतली, वाकड्याचं वाकडंच वाढत गेलं. रवळूने डावीकडे जड लाकूड वापरलं, तेवढंच काय ते त्याला करता आलं. पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर भानू त्या गलबतातून बाहेर पडला आणि शेवंतीने काठावरून ओवाळलं.

मग एके दिवशी दुपारी शेवंती देवळात झाडत असताना टांगलेल्या धाकट्यातून पाणी ठिबकायला लागलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तिने थेंब जिभेला लावला, तर खारट. तेवढ्यात गलबत आपोआप उजवीकडे कलंडलं आणि आतला गोटा तिच्या पायाशी येऊन पडला. असं म्हणतात, की त्याच घटकेला दूर समुद्रात भानूचं गलबत उजव्या कुशीवर गेलं आणि पुन्हा उठलं नाही.

ती गोटा घेऊन मांगरात गेली. रवळूने तिच्या हातात बघितलं आणि खाली बसला. सगळं सांगितलं, काही म्हणता काही लपवलं नाही. शेवंती रडली नाही. "माका सांगूचा होता," एवढंच म्हणाली. "मी तेका जावक दिलंय नसतंय."

त्या दिवसापासून तिने त्याला बाबा म्हणून हाक मारली नाही. दोन वेळचं जेवण आणून ठेवायची, कपडे धुवायची, पण हाक नाही. आणि गावाची तऱ्हा बघा! गाव म्हणायचं, रवळूचं गलबत बुडणं शक्य नाही, भानूलाच हाकता आलं नाही. पाणवठ्यावर बाया तिच्या तोंडावर म्हणायच्या. शेवंती घागर भरून निघून यायची. बापाचं नाव तिने राखलं आणि नवऱ्याचं मातीत जाऊ दिलं. रवळू हे सगळं ऐकायचा आणि गप्प राहायचा. घाबरट होता, दुसरं काय! त्याच्या हाताला देवाने सगळं दिलं होतं, पण तोंडाला धीर दिला नव्हता.

थोरलं गलबत त्याने पुन्हा बांधलं नाही. धाकटी मात्र करत राहिला, एक फळी उजवीकडे, एक डावीकडे. केस पांढरे झाले, नजर गेली, तरी बोटांनी चाचपून करायचा. आणि एका दसऱ्याला, पार म्हातारा झाल्यावर, असंच एक गलबत छातीशी धरून तो तळ्यात उतरला आणि गावाकडे तोंड करून उभा राहिला.

"भानूची चूक नव्हती," तो म्हणाला. "धाकटा वाकडा होता. मी गोटो घालून ता सरळ दाखयलंय. माका म्हायत होता."

ढोल थांबले. कुणी शिवी दिली असती तरी चाललं असतं, पण कुणीच काही बोललं नाही. गावकराने नारळ खाली ठेवला आणि चालू लागला. त्याच्यामागून एकेक करून सगळे गेले. रवळू गुडघाभर पाण्यात तसाच उभा, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून आंधळा चेहरा इकडून तिकडे फिरवत. शेवंती तेवढी काठावर राहिली होती. तिच्या गळ्याशी शब्द आला होता. पण इतक्या वर्षांची सवय, तो गळ्यातच राहिला. उद्या बोलू, असं तिने मनात म्हटलं आणि तीही घरी गेली.

सकाळी मांगर रिकामा होता. पहाटे जाळी ओढणाऱ्यांनी बघितलं ते असं, की म्हातारा खाडीत उतरला, गलबत पाण्यात ठेवलं, आणि लाटेगणिक ते मोठं होत गेलं. पहिल्या लाटेला पाळण्याएवढं, मग होडीएवढं, आणि खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पुरं शिडाचं गलबत झालं. रवळू सुकाणू धरून बसला होता. जाळीवाल्यांनी हाक मारली, "मेस्तानू, खय चललास?"

"जावयाक आणूक," तो म्हणाला. तो गेला तो गेलाच.

शेवंती किनाऱ्यावर धावत आली, बाबा, बाबा म्हणून ओरडली. वारा जमिनीकडे होता. तिची हाक तिच्यापाशीच परत आली, असं म्हणतात.

पुढल्या वर्षी दसऱ्याला कुणाचंसं धाकटं तळ्यात सोडायचं होतं. ते करणाराच म्हणाला, "ह्याचो डावो गाल जरा फुगलो हा." गाव पुन्हा गप्प. तेव्हा शेवंती पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरा केलंस, सांगलंस ता." आणि मग तिथेच पायरीवर बसून रडली. किती वर्षांचं रडणं होतं ते.

आता सांदवेळीत मोठी गलबतं बांधत नाहीत. पण दसऱ्याला अजून घरोघरची माणसं हातांनी केलेली लाकडी गलबतं घेऊन तळ्यावर जमतात. पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाने रवळूचं नाव घ्यायचं आणि आपल्या गलबतात काय चुकलंय ते मोठ्याने सांगायचं. काहीच चुकलं नाही म्हणणाऱ्याला परत पाठवतात. आणि चूक सांगून झाली, की लहान-थोर सगळं गाव एका आवाजात म्हणतं, "बरा केलंस, सांगलंस ता." चांगलं समुद्राकडे तोंड करून म्हणतात, आणि जोरात म्हणतात, कारण ज्याला ऐकवायचं राहून गेलं तो फार लांब गेलाय.