दुधाच्या दातांची चटई

एका राज्यात पाखरे माणसांसारखी बोलत, आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे. तिथल्या पाणवठ्यावर भागाक्काने अर्धेच बोलणे ऐकले. "तांबटाची वेणू पाठशाळेत दगड होतेय म्हणे. गुरूनेच तिला..." पुढचे शब्द घागरीच्या बुडबुड्यात गेले.

भागाक्का वेणूच्या शेजारची. अर्धी बातमी तिला पचत नसे. ती तडक वेणूच्या आईकडे, कमळजेकडे गेली. पाहते तो पोरीचे पाय गुडघ्यांपर्यंत दगडाचे.

"रोज बोटभर वर चढतं, आक्का. काळजापर्यंत पोचलं की संपलं."

कमळजेने जड झालेल्या लेकीला कडेवर घेतले. भागाक्का सोबत पाठशाळेकडे निघाली.

पाठशाळेची रीत जुनी. दुधाचे दात पडेपर्यंत मुलाने पहिल्या चटईवर बसून मुळाक्षरे घोकायची. दारावर राघू होता. हे काय चालले आहे, असे त्याला आजवर कुणी विचारले नव्हते. भागाक्काने विचारले.

"चटयांना मांत्रिकाचा शाप आहे," राघू म्हणाला. "शिकून झालेलंच जो शिकत बसेल, तो बसल्या जागी दगड होईल."

आत गुरू वज्रगुप्त शेवटच्या चटईवर, मांडीवर शाल पांघरून बसले होते.

"हिला पुढच्या चटईवर घ्या, महाराज," कमळजा म्हणाली.

"हिचे दुधाचे दात शाबूत आहेत."

"दात बघून बैल घेतात," भागाक्का म्हणाली. "पोरीला काही विचारून तरी बघा."

गुरूंनी तीन कामे सांगितली. वेणूने ताम्रपट वाचला. सावलीवरून कळसाची उंची सांगितली. तिसरे काम अवघड. "मला ठाऊक नाही असे काही विचार."

वेणूने दाराकडे पाहिले. "राघू स्वप्नात कुठल्या बोलीत बोलतो?"

गुरूंनी राघूकडे पाहिले. मग म्हणाले, "ठाऊक नाही."

तसे ते जन्मात प्रथमच म्हणाले. कडकन आवाज झाला. शाल घसरली. गुरू कमरेपर्यंत दगडाचे होते, आणि त्या दगडाला भेग गेली होती.

दगडाच्या खपल्या झाडत ते उठले. वेणूला त्यांनी स्वतः उचलून पुढच्या चटईवर ठेवले, आणि तिच्या पायांची बोटे हलली. तेव्हापासून तिथे मुलाला आधी विचारतात, मग बसवतात. शापाला धरायला जागा उरली नाही.

संध्याकाळी पाणवठ्यावर बायका भागाक्काभोवती जमल्या.

"म्हणजे खरंच गुरूनं केलं?"

"दगड झाली होती, एवढं खरं," भागाक्का घागर बुडवत म्हणाली. "गुरूचं काय घेऊन बसलात. तो बिचारा कमरेपर्यंत गेला होता, आणि त्याच्यासाठी भांडायला कुणी आलंच नव्हतं."