रेशमी फितीखालची जखम

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा प्राणी बोलत असत, आणि माणसं अधूनमधून ऐकतही असत.

एका राजाला डोंगरापलीकडून लांब केसांचा कुत्रा भेट आला. राजाकडे आहे म्हणून प्रधानाने तसाच आणला, प्रधानाकडे आहे म्हणून सरदारांनी आणला, आणि बघता बघता राजधानीत जिकडेतिकडे लांब केसांचे कुत्रे धापा टाकत हिंडू लागले. ते राज्य रणरणत्या उन्हाचं आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुत्र्यांच्या आलं होतं, पण त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं.

मग वेशीजवळच्या निंबाखाली एका कारागिराने चौरंग मांडला. कुत्र्याला त्यावर उभं करायचं, केसांचा गुंता विंचरायचा आणि कात्री चालवायची, हे त्याचं काम. हात चांगला होता. पण केसांचा गुंता झाला की त्यांच्याबरोबर कातडीही वर ओढली जाते, आणि केस कुठे संपले हे कात्रीला कळत नाही. त्यामुळे कधी कानामागे, कधी पायाला बारीकशी चीर जायची.

असं झालं की कारागीर इकडेतिकडे बघायचा, रक्त टिपायचा आणि नेमकी त्याच जागी एक रेशमी फीत बांधायचा. लाल, निळी, पिवळी. मालकाला वाटायचं, काय हौशी माणूस आहे.

लवकरच फितींची टूम निघाली. ज्याच्या अंगावर फिती जास्त, तो कुत्रा जास्त देखणा. एक सरदारीणबाई तर रागावूनच आल्या.

"शेजारणीच्या कुत्र्याला कानालाही फीत आणि पायालाही फीत. आमच्या कुत्र्याने काय घोडं मारलंय?"

"बाईसाहेब, आपला कुत्रा फार शांत उभा राहिला हो," कारागीर म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं तेवढं वाक्य खरं होतं.

कधी एखादी फीत सुटायची आणि मालक तक्रार घेऊन यायचा. कारागिराची पद्धत अशी, की तक्रार ऐकण्याआधीच उत्तर देऊन टाकायचं. कुत्रा हलला. घरी जाऊन त्यानेच खाजवलं असेल. मालक निमूट परत जायचा. ही पद्धत पुढे राजाच्या कचेरीनेही उचलली म्हणतात, आणि तिथे ती फार टिकली.

त्याच गावात एक म्हातारी कुंभारीण होती. एका सरदाराने कंटाळून सोडून दिलेला कुत्रा तिने सांभाळला होता. तिला दुसरं कोणी नव्हतं, आणि कुत्र्यालाही. दिवसभर तो बाजारात तिच्या मडक्यांपाशी बसायचा आणि शेळ्यांना लांब ठेवायचा. त्याच्या केसांच्या जटा झाल्या, तेव्हा ती त्याला निंबाखाली सोडून बाजारात गेली. संध्याकाळी न्यायला आली तर कानाशी लाल फीत.

तिच्या घरात रेशीम पहिल्यांदाच येत होतं. तिने ती फीत सोडलीच नाही. आळीतल्या बायकांना बोलावून दाखवली.

काही दिवसांनी कुत्रा खाईनासा झाला. मान एका बाजूला टाकून पडून राहू लागला. म्हातारीने फीत सोडली, तर खाली कान सुजून लाल झालेला, जखमेत पू. तिने कुत्र्याला उचललं आणि तशीच निंबाखाली आली.

"कुत्रा हलला," कारागीर तिला पाहताच म्हणाला.

"मी अजून काही बोललेच नाही."

"कानाचंच ना? हललाच तो, मावशी."

"हा हलणारा नाही. रोज मडक्यांमधून फिरतो, आजवर एक पणतीसुद्धा फुटली नाही."

"मग घरी खाजवलं असेल."

म्हातारीने कुत्र्याला चौरंगावर ठेवलं. त्याने कष्टाने मान वर केली. "मी हललो होतो," तो म्हणाला. "नाकावर माशी बसली होती."

कारागिराचा चेहरा उजळला. "ऐकलंत ना, मावशी?"

"पण फीत बांधलीस, तेव्हा मी अगदी स्थिर होतो," कुत्रा म्हणाला आणि पुन्हा मान टाकून पडला.

 कारागिराने वाकून कान नीट पाहिला.

"चीर गेली त्याचं काही नाही रे बाबा," म्हातारी म्हणाली. "माझीही मडकी चाकावर बिघडतात. पण तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी लगेच हळद भरली असती. मी मात्र फीत मिरवत बसले."

कारागिराने चौरंग उलटा करून ठेवला, कुत्र्याला खांद्यावर घेतलं आणि वैद्याचं घर गाठलं. वैद्य म्हणाला, "ताप उतरला तर वाचेल. उशीर केलात."

कारागीर म्हातारीच्या ओसरीवरच राहिला. निंबाच्या पाण्याने जखम धुवायची, लेप लावायचा, माश्या हाकायच्या. म्हातारी त्याच्याशी बोलत नसे, पण कुत्र्यासाठी पेज केली की एक वाटी त्याच्यापुढेही ठेवी. अखेर एका सकाळी कुत्र्याने ती पेज चाटून संपवली, आणि मग कारागिराचीही. कानाचं टोक गेलं. कुत्रा राहिला.

कारागिराने पुन्हा चौरंग मांडला, पण फिती मांडल्या नाहीत. कात्री उचलण्याआधी तो मालकाचा हात धरून कुत्र्याच्या सगळ्या अंगावरून फिरवायचा. गुंत्याखाली जुनी खरूज सापडली की ओशाळायची पाळी मालकाची असायची. आणि काम झाल्यावर तो स्वतःच सांगायचा, "इथे चीर गेली आहे, माझ्या हातून. हळद लावली आहे. भिजवू नका. सुजलं तर लगेच आणा."

सुरुवातीला लोक भडकले. काही जण पलीकडच्या वेशीवरच्या दुसऱ्या कारागिराकडे गेले. त्याच्याकडे फिती होत्या. पण म्हातारीची गोष्ट बाजारभर झाली होती. आता लोक घरी जाऊन फिती सोडून पाहू लागले, आणि मुकाट्याने निंबाखाली परतले.

सरदारीणबाईही आल्या. "आज फीत नाही?"

"बाईसाहेब, आज जखम नाही."

 बाईंना शेजारणीचा कुत्रा आठवला, आणि त्याच्या फितींचा त्यांना पहिल्यांदाच आनंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात कुंभारीण कुत्र्याला घेऊन आली आणि या खेपेला शेजारीच बसून राहिली. काम संपत आलं होतं. कात्री थांबली.

"मावशी, पायाला चीर गेली."

म्हातारीने पदराच्या गाठीतून हळद काढली. "बघू."

"या वेळीही मीच हललो असेन," कुत्रा म्हणाला.

"नाही रे," कारागीर म्हणाला. "या वेळी माझाच हात घसरला."

म्हातारीने हळद भरली आणि कुत्र्याला त्याच्याकडेच सोडून ती बाजारात गेली. दुसरा पाय अजून व्हायचा होता.

तात्पर्य : चूक नकळत होते, पण झाकली जाते ती जाणूनबुजून; म्हणून जखमेची पहिली खबर ज्याच्या हातून ती झाली त्यानेच द्यावी.