अर्ध्या वाक्याचं चित्र

“एक अक्षरही बदललं नाही म्हणतोस?”

“काना-मात्रासुद्धा नाही, बाबा.”

अचलगिरी बाबा नव्वदीचे, मठातले सगळ्यांत थोर. त्यांच्यासमोर बसलेला रुद्रगिरी मठात यायच्या आधी डीटीपीचं दुकान चालवायचा, आणि तो तोरा भगवी वस्त्रं चढवली तरी उतरला नव्हता. दोघांच्या मध्ये, भिंतीला टेकवून, महंत चेतनगिरींना बसवलं होतं. ते पहाटेच गेले. दिवस मावळायच्या आत समाधी द्यायची, आणि मग गादीवर त्यांचा शिष्य, म्हणजे हाच रुद्रगिरी.

“गुरुदेवांनी नऊ वर्षं कॉम्प्युटरवर पोथी लिहिली,” रुद्रगिरी म्हणाला. “फॉन्ट जुना. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की अक्षरांची नुसती खिचडी. म्हणून पानापानाचं चित्र केलं. सहाशे डीपीआय. कितीही मोठं करा, अक्षराची कड फाटणार नाही.”

“आणि मूळ फाइल?”

“रीतीप्रमाणे. नक्कल ताडून झाली की मूळ पोथी डोहात सोडायची. पेनड्राइव्ह सकाळीच सोडला. लॅपटॉपवरचीही पुसून टाकली.”

बाबांनी लॅपटॉपकडं बोट केलं.

“शेवटचं पान काढ.”

त्यानं लॅपटॉप पुढं ओढला. या मठात महंत आपलं शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडतो. येणारा पोथीच्या नकलेत ते पुरं करतो, मगच गादीवर बसतो. चेतनगिरींनी लिहिलं होतं, ‘माझ्या जागी जो बसेल, त्याला मी’...

“पुरं कर.”

रुद्रगिरीनं एक कळ दाबली. मग दुसरी. काही उमटेना. तेव्हा कुठं त्याच्या टाळक्यात उजेड पडला. अरे, हीच गोष्ट दुकानात त्यानं गिऱ्हाइकांना शंभरदा समजावली होती.

“चित्रात लिहिता येत नाही, बाबा. वरून रंगवता येईल फक्त.”

“मग मोठं करून तरी दाखव.”

त्यानं मोठं केलं. अक्षरं खरोखरच रेखीव होती. पण ‘मी’च्या पुढं कर्सरची उभी रेघ होती. चित्रात कर्सर येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? रेघ लुकलुकत नव्हती. नुसती उभी होती.

त्यानं कीबोर्डवरून हात मागं घेतला.

“आता मी गादीवर कसा बसू, बाबा?”

“मला काय विचारतोस? ज्याचं वाक्य, त्याला विचार. समोरच बसलाय. तुझ्या चित्रासारखाच, एक केस कमी झालेला नाही.”

रुद्रगिरीनं मान वर केली. चेतनगिरींच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, की माशी होती, त्याला कळेना. तो पुढं सरकला. आणि त्यानं हाक मारली.

“गुरुदेव...”

बाबांनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू. ओ दिली, तर लिहून कुठं घेशील?”