पैलकरांचं एकच पक्वान्न

"पैलवस्तीतलं घरन् घर 'हे आमचं!' म्हणेल असं एक पक्वान्न उद्या दुपारपर्यंत दरबारात आणा. नाहीतर यंदापासून तुमचे खडे बंद!" राजा विक्रांतसेन गरजला.

खडे म्हणजे मतं. दर पाच वर्षांनी लोक मडक्यात खडे टाकून नगराचा कारभारी निवडत. नदीपलीकडच्या सात खोऱ्यांतून पोटासाठी आलेले पैलकर ज्याच्या मडक्यात खडे टाकतील तोच कारभारी, हे ठरलेलं. म्हणून निवड जवळ आली की सरदार भुजंगराव आणि सरदार उदाजीराव यांना पैलकरांचा उमाळा येई. भुजंगराव एका खोऱ्याचा फेटा बांधून दुसऱ्याच खोऱ्याचा नाच नाचायचे. उदाजीराव तिखटजाळ भाकरी गिळून, डोळे पुसत म्हणायचे, "अगदी आईच्या हातची!" यंदा दोघे भांडतच राजापुढे गेले. एक म्हणे पैलकरांना भाकरी प्रिय, दुसरा म्हणे भात! राजा वैतागला आणि त्याने पैलकरांवरच हा हुकूम सोडला.

वस्तीत रडारड सुरू झाली. सात खोऱ्यांच्या सात चवी. एकाच्या आमटीला दुसरा नाक मुरडणार! आणि खडेच गेले तर वस्तीकडे ढुंकून कोण बघणार? बायका आजही कोसभरावरून घागरी आणत होत्या. विहीर मग जन्मात होणार नव्हती.

"म्या जाते," बुरुडाची लेक तानी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन दरबारात हजर! मागे सात खोऱ्यांचे सात म्हातारे. टोपलीत होतं खोबरं आणि गूळ.

"हे पक्वान्न?" भुजंगराव खो खो हसले.

"म्हाताऱ्यास्नी इचारा, सरकार."

राजाने विचारलं. सातही माना डोलल्या. "आमचंच की! पोरंबाळं ह्याच्यावरच वाढली!"

"पण कोणत्या खोऱ्याचं?" राजाने मूठभर खोबरं-गूळ तोंडात टाकला.

"कुठल्याच खोऱ्याचं न्हाई," तानी म्हणाली. "सरदारांचं हाय! निवड आली की भुजंगराव येत्यात, हिरीचं भूमिपूजन करत्यात, नारळ फोडत्यात. दुसऱ्या दिशी त्याच जागी उदाजीरावांचा नारळ! घरोघरी परसाद. सहा निवडी झाल्या, बारा नारळ झाले. कुदळ मातुर पूजेपुरतीच!"

दोन्ही सरदार जमीन न्याहाळू लागले. तेवढ्यात राजाला ठसका लागला. "पाणी! अगं, पाणी आण!"

तानीने हात जोडले. "पाणी कुठलं, सरकार? आमचा अजून परसादच चाललाय!"

राजा ठसकत ठसकत हसला, आसनावरून घसरेपर्यंत हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने तानीला दिलं आणि म्हणाला, "दोन्ही सरदारांना कुदळी द्या! पैलवस्तीत पाणी लागेपर्यंत निवड नाही. पहिली घागर तानीची!"

"मग शुभारंभाला नारळ आणू?" उदाजीरावांनी सवयीने विचारलं.

"पाणी लागल्यावर!" सातही म्हातारे एका सुरात ओरडले.