तांबडीचं मखर

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा प्राणी बोलायचे आणि माणसं ऐकायची नाहीत. म्हणजे तसं पाहिलं तर फार काही बदललेलं नाही.

एका बर्फाळ डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वर खिंड होती आणि खिंडीच्या दोन्ही अंगांना रान. अलीकडचं रान लहान, पलीकडचं मोठं. खिंडीतली बारीक बांबूची दाट बेटं या दोन्ही रानांना जोडायची. अलीकडच्या रानात एक तांबडी पांडा मादी राहायची. मांजराहून थोडी मोठी, शेपूट झुबकेदार, तोंडावर पांढरे पट्टे. गाव तिला तांबडी म्हणायचं आणि ती दिसली की हात जोडायचं.

त्याला कारणही होतं. तिच्या खापरपणजीच्या काळी एका पावसाळ्यात सगळे पांडे अचानक डोंगर सोडून पळाले. ते पाहून माणसंही गुरंढोरं घेऊन बाहेर पडली, आणि त्याच दिवशी दरड कोसळली. गाव वाचलं. तेव्हापासून दर वसंतात पांड्यांचा उत्सव व्हायचा. हिरव्या बांबूचं मखर उभारायचं आणि त्या दिवशी कुठल्याही जनावराला बांधून ठेवायचं नाही, अशी रीत पडली.

आधी मखर एका मोळीत व्हायचं. मग वरच्या आळीनं खालच्या आळीहून उंच केलं. पुढच्या वर्षी खालच्या आळीला चेव आला. भक्तीत चढाओढ शिरली की देवाचं काही खरं नसतं. मखराला जून बांबू चालत नसे, कोवळाच लागे. तांबडीही कोवळाच खायची, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. अलीकडचं रान वर्षागणिक बोडकं होत गेलं.

त्या वर्षी तांबडीजवळ एक पिल्लू होतं. रानात खायला उरलं नव्हतं, पिल्लाची हाडं वर आली होती. खिंडीतल्या बेटांच्या आडोशानं पलीकडे जायचं, तिथे पोटभर मिळेल, असं तिनं ठरवलं. उघड्यावरून जाण्याची सोय नव्हती, कारण गावची कुत्री खिंडीपर्यंत भटकायची. पिल्लाच्या पायांत जरा बळ येऊ दे, म्हणून ती थांबली. तेवढ्यात उत्सव आला.

सकाळी ती पिल्लाला घेऊन खिंडीशी आली, तर तिथे नुसते खुंट. सगळी बेटं रातोरात कापून नेली होती.

तांबडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिल्लासकट ती भरदिवसा गावात उतरली, देवळाएवढ्या उंच मखरावर चढली आणि पानं ओरबाडून पिल्लाच्या तोंडात कोंबू लागली. खाली ढोल घुमले. गावच्या मुखियानं लोटांगण घातलं आणि आई प्रसन्न झाली, तिनं नैवेद्य घेतला, असं सगळ्यांना सांगितलं. बायांनी फुलं उधळली.

"हा नैवेद्य नाही," तांबडी वरून म्हणाली. "हे माझं घर आहे, तुम्ही कापून आणलेलं. मला मखर नको. खिंडीतल्या बांबूला पुन्हा कोयता लावू नका. आणि आज मला पिल्लू घेऊन पलीकडे जायचंय, तेवढा वेळ कुत्री बांधा."

मुखियाची म्हातारी आई पुढे झाली. "अरे, ती काय म्हणतेय ते ऐक. निदान कुत्री तरी बांध."

मुखियानं तांबडीपुढे हात जोडले. "आई, तुझ्याच मानासाठी तर ही रीत. ती आम्ही कशी मोडायची? पुढच्या वर्षी याच्या दुप्पट मखर करू."

राग येतो ना? यायलाच हवा. ज्याच्या नावानं रीत, त्यानंच हात धरून थांबवलं तरी आम्ही थांबत नाही, वर त्यालाच नमस्कार करतो.

तांबडी पिल्लाला घेऊन खाली उतरली. मागे राहिली असती तर पिल्लू उपाशी मेलं असतं, म्हणून ती त्या उघड्या खिंडीत शिरली. अर्ध्या वाटेवर कुत्र्यांनी गाठलं. ती जिवाच्या आकांतानं झुंजली, पण ती एकटी आणि कुत्री पुष्कळ. पिल्लू हलायचं थांबलं तेव्हाच कुत्र्यांनी त्याला सोडलं. खाली ढोल इतके जोरात वाजत होते की कुणाला काही ऐकू आलं नाही. तांबडी एकटीच पलीकडे गेली आणि परत कधी आली नाही.

पावसाळा आला. बांबूची मुळं खिंडीतली माती धरून ठेवायची, आणि ती मुळं आता कुजली होती. आधी पळून इशारा द्यायला रानात एकही पांडा नव्हता. भरदुपारी दरड आली. वरची आळी गेली, मुखियाचं घर गेलं, त्याची म्हातारी आईही गेली. गावाचा एकुलता एक झरा गाडला गेला.

लोक म्हणाले, तांबडी कोपली. तांबडी कोपायला तिथे होती कुठे?

मग उरलेल्या गावानं बसून विचार केला, आणि ठरवलं काय, तर तिला शांत करायला आजवरचं सगळ्यात मोठं मखर बांधायचं. मुखिया स्वतः कोयता घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाला. दिवसभर त्यांनी डोंगर पालथा घातला. मखराला लावायला त्यांना बांबूचा एक कोंबसुद्धा मिळाला नाही.

तात्पर्य: ज्याचं घर मोडून मखर सजवलं, तो त्या मखरात कधीच राहत नाही.